मानपत्र परक्याचे, मोजपट्टी कोणाची?

पैनगंगेच्या दक्षिणेला नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुका आणि उत्तरेला यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड. नांदेडहून नागपूरकडे निघालेला प्रवासी आज ही नदी काही क्षणांत ओलांडतो आणि मराठवाडा संपून विदर्भ सुरू झाल्याचे त्याच्या ध्यानातही येत नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी मात्र ही नदी दोन युगांची सीमारेषा होती. उमरखेडला तिरंगा फडकला; हदगाववर निजामाचा अंमल कायम राहिला. एका काठावर जो ध्वज राष्ट्रध्वज होता, तोच दुसऱ्या काठावर हाती धरणे हा गुन्हा होता. हे अंतर कापायला हदगावला तेरा महिने लागले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली, तेव्हा कोठे मराठवाड्याची सकाळ उजाडली.

हा इतिहास वाचकांना परिचित आहे. आंतरराष्ट्रीय पुरस्कारांच्या चर्चेत त्याचे स्मरण करण्याचे कारण वेगळे आहे. हदगावच्या रयतेवर राज्य करणारा मीर उस्मान अली खान हा त्या काळी जगाच्या कौतुकाचा विषय होता. पहिल्या महायुद्धात केलेल्या साहाय्याबद्दल ब्रिटिशांनी त्याला ‘एक्झॉल्टेड हायनेस’ ही पदवी आणि ‘विश्वासू दोस्त’ हे बिरुद बहाल केले होते. फेब्रुवारी १९३७ मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याचे चित्र मुखपृष्ठावर छापले. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, त्याच्या राज्यात स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठातून बाहेर काढण्यात आले. त्यांतील अनेकांना आसरा दिला तो नागपूर विद्यापीठाने. मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणाऱ्या प्रजेला उच्च शिक्षण मिळत होते ते उर्दूतून. मुखपृष्ठावर यातले काहीच दिसत नव्हते. तेथे दिसत होता तो एक चमत्कारिक, गर्भश्रीमंत, ब्रिटिश साम्राज्याला उपयोगी पडणारा राजा. सन्मान करणाऱ्याची नजर आणि रयतेचा अनुभव यांत किती अंतर असू शकते, हे हदगावने असे प्रत्यक्ष भोगलेले आहे.

त्या नाट्याचा शेवटचा अंकही आंतरराष्ट्रीय व्यासपीठावरच घडला. २१ ऑगस्ट १९४८ रोजी निजामाच्या सरकारने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नोंदवली. त्याच सुमारास, लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीच्या रझाकारांनी मराठवाड्यातील गावेच्या गावे वेठीस धरली होती. आणि त्याच आठवड्यात हैदराबादच्या रस्त्यावर ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची रझाकारांनी हत्या केली. भारतात विलीन होण्याचा आग्रह त्यांनी धरला, हा त्यांचा अपराध! १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद हैदराबादच्या तक्रारीचा विचार करत होती, तेव्हा भारतीय सैन्याला हैदराबाद संस्थानात शिरून तीन दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवली. हदगावचा न्याय पॅरिसच्या सभागृहात झाला नाही. तो झाला सरदार पटेलांच्या निर्धाराने आणि सामान्य माणसांनी दिलेल्या झुंजीने.

शांततेचे पारितोषिक आणि सत्तेचे गणित

हे सारे आठवण्याचा योग २०२५ साली पुन्हा आला. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ निरपराध जीव घेतले गेले. ७ मे रोजी भारताने ‘ऑपरेशन सिंदूर’द्वारे त्याचे उत्तर दिले आणि १० मे रोजी लष्करी कारवाई थांबली. ती दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या थेट बोलण्यातून, पाकिस्तानच्या विनंतीवरून थांबली, ही भारताची स्पष्ट भूमिका आहे. तरीही अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्याचे श्रेय वारंवार स्वतःकडे घेतले आणि जूनमध्ये पाकिस्तान सरकारने नोबेल शांतता पारितोषिकासाठी त्यांच्या नावाची शिफारस करणार असल्याचे जाहीर केले. दहशतवादाला आश्रय दिल्याचा आरोप ज्या देशावर वर्षानुवर्षे होत आहे, त्याने शांततेच्या पारितोषिकासाठी शिफारस करावी, यापेक्षा मोठा विरोधाभास तो कोणता? १० ऑक्टोबरला ओस्लोत घोषणा झाली ती व्हेनेझुएलाच्या मारिया कोरिना माचाडो यांच्या नावाची. त्या दिवशी जगभरच्या वाहिन्यांवर चर्चा रंगली ती मात्र पारितोषिक न मिळालेल्या ट्रम्प यांची.

या पारितोषिकाची परंपरा पाहिली तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. महात्मा गांधींचे नाव १९३७, १९३८, १९३९, १९४७ आणि १९४८ अशा पाच वर्षी विचारासाठी गेले. पारितोषिक एकदाही मिळाले नाही. १९७३ मध्ये ते व्हिएतनाममधील शांतता कराराबद्दल हेन्री किसिंजर आणि ले डुक थो यांना जाहीर झाले. थो यांनी ते नाकारले, कारण त्यांच्या देशात शांतता आलेलीच नव्हती. २००९ साली बराक ओबामा यांना ते मिळाले तेव्हा त्यांच्या कारकिर्दीचे पहिले वर्षही पुरे झाले नव्हते. इथिओपियाचे पंतप्रधान अबिय अहमद यांना २०१९ मध्ये गौरवण्यात आले. वर्षभरातच, नोव्हेंबर २०२० मध्ये, त्यांच्या देशात टिग्रेचे भीषण युद्ध पेटले. भारताचे कैलाश सत्यार्थी यांना २०१४ मध्ये मलाला युसूफझाई हिच्यासोबत पारितोषिक मिळाले, तेव्हा एक हिंदू आणि एक मुसलमान, एक भारतीय आणि एक पाकिस्तानी एकत्र येत आहेत, हे निवड समितीने आवर्जून नमूद केले. बालमजुरीतून मुलांना सोडवण्यासाठी सत्यार्थी यांनी अनेक दशके केलेले काम स्वतःच्या बळावर उभे होते. त्याला तराजूच्या दुसऱ्या पारड्याची गरज नव्हती. पण गौरव करणाऱ्याला आपल्या मनातले चित्र पूर्ण करायचे होते.

पुरस्कारांमागे विचार असतो, हेतू असतो आणि काही वेळा राजकारणही असते, हे म्हटले की बुद्धिवाद्यांच्या एका वर्गाला राग येतो. अशा वेळी केरळचे उदाहरण लक्षात ठेवावे. २०२२ साली तेथील माजी आरोग्यमंत्री के. के. शैलजा यांची मॅगसेसे पुरस्कारासाठी निवड झाली होती. परंतु त्यांच्या मार्क्सवादी पक्षाने हा पुरस्कार स्वीकारू नये, असे ठरवले. रॅमन मॅगसेसे हे फिलिपीन्समधील कम्युनिस्टांचे कट्टर विरोधक होते, हे एक कारण पक्षाने पुढे केले. त्या निर्णयाशी सहमत व्हावे किंवा न व्हावे. पुरस्काराच्या नावामागे एक भूमिका असते, हे मात्र डाव्या पक्षानेच मान्य केले. मग तोच प्रश्न राष्ट्रीय विचाराच्या माणसाने विचारला, की तो संकुचित कसा ठरतो?

पडद्यावरचा भारत

साहित्य आणि चित्रपट या क्षेत्रांत ही दृष्टी अधिक सूक्ष्मपणे काम करते. महाराष्ट्राला जवळचे असे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. २००४ साली संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ या मराठी चित्रपटाला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला तो मान लाभत होता. कोकणातला एक आजोबा कर्करोगाने दृष्टी गमावणार असलेल्या नातवाला घेऊन पुण्याला येतो, एवढीच त्याची कथा. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तो निवडला गेला, तेव्हा अमेरिकेतील प्रचाराचा खर्च भागवण्यासाठी मराठी माणसांनी वर्गणी गोळा केली. अंतिम पाचांत तो पोहोचला नाही. पाच वर्षांनी, २००९ मध्ये, डॅनी बॉइल या ब्रिटिश दिग्दर्शकाच्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’ने मुंबईच्या झोपडपट्टीचे चित्र दाखवून आठ ऑस्कर मिळवली.

मुंबईत झोपडपट्टी नाही, असे कोणी म्हणणार नाही. दारिद्र्य दाखवणे हा देशद्रोहही नव्हे. प्रश्न आहे तो निवडीचा. ‘श्वास’मधला आजोबाही गरीबच आहे. परंतु त्याच्या भोवती नाते आहे, अखेरच्या उजेडात नातवाला जग दाखवण्याची धडपड आहे. भारतातील दुःखाला असा आधार असतो, हे ज्यांनी अनुभवलेले नाही त्यांना तो आधार दिसत नाही. दिसते ते केवळ दुःख, आणि तेही जितके उघडेनागडे तितके अस्सल वाटते. १९९७ मध्ये अरुंधती रॉय यांच्या आणि २००८ मध्ये अरविंद अडिगा यांच्या इंग्रजी कादंबरीला बुकर मिळाले. दोन्ही कादंबऱ्यांनी भारतीय समाजाचे व्यंग रेखाटले, हा योगायोग मानायचा की आवडीचा कल, हे वाचकांनी ठरवावे.

मात्र येथे एका गोष्टीची प्रांजळ कबुली दिली पाहिजे. २०२२ साली गीतांजलिश्री यांच्या हिंदी कादंबरीला आणि २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले, ते डेझी रॉकवेल आणि दीपा भास्ती यांनी इंग्रजी अनुवाद केले म्हणून. त्या लेखनातील विचारांशी मतभेद असू शकतात. पण हिंदी आणि कन्नड या भाषांतून लिहिलेले साहित्य जगापर्यंत गेले, हे नाकारता येत नाही. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा आणि नेमाडे अशी ज्ञानपीठाची चौकडी मिरवणाऱ्या मराठीने आपले उत्तम ग्रंथ इतर भाषांत नेण्यासाठी किती कष्ट घेतले? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचे फटाके वाजवून झाले असतील, तर आता अनुवादाचे काम हाती घ्यायला हवे. जग आपल्याला चुकीचे वाचते, ही तक्रार करण्याचा अधिकार आपले लेखन जगासमोर ठेवणाऱ्यालाच असतो.

आपल्या घरातील भूल

परकीय मोजपट्टीचा मोह केवळ पुरोगाम्यांना असतो, असे समजणे ही आत्मवंचना ठरेल. ‘युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवले’ हा संदेश गेली कित्येक वर्षे घरोघरी फिरत आहे. २००८ मध्ये त्याचा प्रसार झाला तेव्हाच युनेस्कोने असे काही जाहीर केले नसल्याचे स्पष्ट झाले होते. तरीही दर स्वातंत्र्यदिनाला तो नव्याने येतो आणि तो पुढे पाठवणाऱ्यांत देशभक्तीने भारलेली कुटुंबेच अग्रभागी असतात. जे गीत कानी पडताच आपण उभे राहतो, त्याची थोरवी सिद्ध करायला पॅरिसच्या कार्यालयाचा दाखला का लागावा? तोही खोटा!

तालुक्याच्या गावांतही हेच लोण पोहोचले आहे. नोंदणी शुल्क भरून मिळणारे ‘आंतरराष्ट्रीय’ पुरस्कार, कधी न ऐकलेल्या परदेशी विद्यापीठांच्या मानद डॉक्टरेट, काळा झगा घालून काढलेली छायाचित्रे आणि चौकात लागलेले अभिनंदनाचे फलक. यात पक्षभेद नाही, विचारभेदही नाही. परकीयांच्या पुरस्कारांत राजकारण शोधायचे आणि स्वतः मात्र विकतचे मानपत्र दिवाणखान्यात लावायचे, असा व्यवहार करणाऱ्याच्या टीकेला धार कोठून येणार?

याचा अर्थ परदेशी गौरव हा मुळातच त्याज्य, असाही नाही. विनोबा भावे यांना १९५८ साली मॅगसेसे मिळाले. ते आज कोणाला खुपत नाही. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले यांना १९९६ मध्ये मॅगसेसे आणि १९९७ मध्ये टेम्पल्टन पारितोषिक मिळाले, आणि भारत सरकारचे पद्मविभूषण त्यांच्याकडे आले ते त्यानंतर, १९९९ मध्ये. गीतेच्या आधाराने कोळीवाड्यांत आणि खेड्यांत माणूस उभा करणाऱ्या या महापुरुषाचे मोल परदेशातील संस्थांनी आधी ओळखावे आणि आपल्या राज्यकर्त्यांनी नंतर, यात दोष परदेशाचा नाही. याउलट बाबा आमटे यांना १९७१ मध्येच पद्मश्री मिळाली होती. मॅगसेसे आले ते १९८५ साली. स्वतःचे डोळे उघडे असले, की परक्याच्या दाखल्याची वाट पाहावी लागत नाही.

मराठवाड्याने काय पाहावे?

हे डोळे मराठवाड्याकडे आहेत का? आहेत, आणि त्याची साक्ष मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतच मिळते. पुण्यात शिकलेले शल्यचिकित्सक डॉ. अशोक कुकडे यांनी शहरातील सुखाचा व्यवसाय सोडून लातूर गाठले आणि १९६६ साली सहकारी डॉक्टरांसह तेथे विवेकानंद रुग्णालय उभे केले. त्या काळचे लातूर म्हणजे उस्मानाबाद जिल्ह्यातील एक बाजारपेठ. सामान्य माणसाला परवडेल अशा खर्चात, प्रामाणिक आणि दर्जेदार उपचार देणे, एवढेच त्यांचे ध्येय होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली, तेव्हा जखमींच्या मदतीला जे हात धावले, त्यांत या रुग्णालयाचे हात होते. २०१९ मध्ये डॉ. कुकडे यांना पद्मभूषण जाहीर झाले. काम आणि सन्मान यांत अर्धशतकाहून अधिक अंतर! परंतु सन्मान आला नसता तरी रुग्णालयाचे दार दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलेच असते.

त्याच वर्षी बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यातले शब्बीर सय्यद यांना पद्मश्री मिळाली. दुष्काळी टापूत भाकड गाई सांभाळणाऱ्या या मुसलमान शेतकऱ्याची ओळख कोणत्याही जागतिक संस्थेच्या चौकटीत बसणारी नाही. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे पारधी आणि अन्य भटक्या-विमुक्त समाजातील मुलांच्या शिक्षणाचे काम उभे करणारे गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. इंग्रजांच्या कायद्याने ज्यांच्या कपाळावर ‘गुन्हेगार जमात’ असा शिक्का मारला, त्यांच्या लेकरांच्या हाती पाटी-पेन्सिल देण्याचे हे काम. शिक्का मारणाराही एकेकाळचा ‘सुधारलेला’ जगच होता, हे विसरून चालणार नाही.

खुद्द हदगाव तालुक्यातील तामसा येथे बारालिंग महादेवाच्या स्थानी संक्रांतीच्या करीला भाजी-भाकरीची पंगत बसते. गावोगावच्या चुलींवरून भाकरी येतात, अनेक भाज्या एकत्र शिजतात आणि मांडीला मांडी लावून माणसे जेवतात. सामाजिक समरसता या विषयावर परदेशात परिसंवाद होतात, अहवाल छापले जातात. तामशाची पंगत त्या अहवालांत नसते. तिला त्याची खंतही नसते.

२०२५ च्या ऑक्टोबरात नोबेलच्या वार्ता येत होत्या, तेव्हा अतिवृष्टीने झोडपलेल्या नांदेड जिल्ह्यातील शेतकरी भिजलेल्या सोयाबीनकडे आणि खरवडलेल्या जमिनीकडे पाहत होता. अशा दिवसांत शेजाऱ्याच्या घरी धान्य पोचवणारे, गावातील मुलांची फी भरणारे, रात्री-अपरात्री रुग्णाला नांदेडला नेणारे लोक प्रत्येक गावात असतात. त्यांना जग ओळखणार नाही, ते स्वाभाविकच आहे. पण गावाने तरी ओळखावे की नाही?

येथे कार्यकर्त्यांसाठी एक सहज करता येण्याजोगे काम आहे. २०१६ पासून पद्म पुरस्कारांसाठी कोणाही नागरिकाला थेट शिफारस करता येते. त्यासाठी मंत्र्याची चिठ्ठी लागत नाही, दिल्लीची ओळख लागत नाही. गेल्या काही वर्षांत अनवाणी पायांनी राष्ट्रपती भवनाची पायरी चढणारी माणसे देशाने पाहिली, ती या बदलानंतर. हदगावच्या परिसरातून अशा किती शिफारशी गेल्या? तामसा, निवघा, मनाठा या गावांतील किती कामांची नीट नोंद झाली? मुक्तिसंग्रामात ज्यांनी तुरुंग भोगला, गोळ्या झेलल्या, त्यांच्या आठवणी कोणी लिहून ठेवल्या? ती पिढी आता जवळपास संपली आहे. शोएबुल्ला खान यांचे नाव तालुक्यातील किती शाळकरी मुलांना सांगता येईल?

ओस्लो, लंडन आणि लॉस एंजेलिसच्या निवड समित्यांवर टीका जरूर व्हावी. ती साधार व्हावी. पण त्या समित्या त्यांचे काम करत आहेत, त्यांच्या दृष्टीने आणि त्यांच्या हेतूने. आपल्या माणसांची नोंद ठेवण्याचे काम त्यांचे नाही. १९४८ साली हदगावने पॅरिसच्या निकालाची वाट पाहिली नव्हती. येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन आटोपल्यावर प्रत्येक गावाने आपल्यातील एका माणसाचे काम लिहून काढले, तरी त्या दिवसाचे सार्थक होईल.